फ्लाय फिशिंगच्या दोन गाठी कशा बांधाव्यात

तुटलेला धागा डोळ्यांदेखत जोडून माग पुन्हा सुरू करणारे हात सोलापुरात घरोघरी आहेत. मात्र सुतावर पक्की बसणारी ती गाठ नायलॉनच्या तंगुसावर ओढ बसताच सरकते. कारण सुताचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात, तर गुळगुळीत नायलॉनमध्ये पकड मिळते ती केवळ वेढ्यांच्या दाबामुळे. म्हणून फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे कृत्रिम किड्याने मासे पकडण्याच्या छंदासाठी, गाठी नव्याने शिकाव्या लागतात.

फ्लाय म्हणजे पिसे आणि दोरा गळावर गुंडाळून केलेला कृत्रिम किडा. त्याला वजन जवळपास नसतेच. फेकली जाते ती जाड फ्लाय लाइन. तिच्यापुढे लीडर, म्हणजे सुमारे ९ फुटांचा निमुळता तंगूस, आणि त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे बारीक तंगुसाचा तुकडा असतो. टिपेटला फ्लाय बांधण्याची आणि लीडरला टिपेट जोडण्याची, अशा दोन गाठी आधी शिकाव्यात. लाइन आणि लीडर यांचा जोड सुरुवातीला दुकानदाराकडून करून घेतला तरी चालते.

सराव घरी, जाड सुतळी आणि किल्ल्यांची कडी घेऊन करावा. पहिल्या गाठीला इम्प्रूव्हड क्लिंच म्हणतात. दोरीचे टोक कडीतून ओवून सुमारे १५ सेंटिमीटर बाहेर काढावे आणि मूळ दोरीभोवती त्याचे पाच वेढे द्यावेत. टिपेट फार बारीक असेल तर सहा-सात द्यावेत. नंतर ते टोक कडीलगतच्या लहान फटीतून ओवावे आणि त्यामुळे तयार झालेल्या मोठ्या फासातून पुन्हा बाहेर घ्यावे.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. गाठ आवळण्यापूर्वी पाण्याने ओली करावी. कोरड्या तंगुसावर घर्षणाची उष्णता निर्माण होऊन तो नेमका तेथेच कमकुवत होतो. मग मूळ दोरी हळूहळू, एकसारखी ओढावी. वेढे एकमेकांवर न चढता शेजारीशेजारी बसले पाहिजेत. एखादा वेढा चढलाच, तर गाठ कापून नव्याने बांधावी. ती दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये.

दुसरी गाठ सर्जन्स नॉट. लीडर आणि टिपेट यांची टोके विरुद्ध दिशांनी १५ सेंटिमीटर एकमेकांवर ठेवून दोन्हींचा मिळून एक फास करावा. त्यातून लीडरचे टोक आणि टिपेटची संपूर्ण लांबी एकत्र दोनदा ओवावी, ओली करावी आणि चारही पदर एकदम ओढावेत. बहुतेकांची चूक टिपेटचे केवळ आखूड टोक ओवण्यात होते, म्हणून टिपेट आधीच दोन-अडीच फुटांचा कापून घ्यावा.

उरलेली शेपटी दोन मिलिमीटर ठेवून कापावी आणि तुकडे डबीत जमा करावेत. उजनीच्या काठावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि टाकलेला तंगूस त्यांच्या पायांत अडकतो.

शेवटी गळ खुंटीला अडकवून, तोंड बाजूला ठेवून जोराने ओढून पाहावे. गाठ सुटलीच, तर टोक तपासावे. ते डुकराच्या शेपटीसारखे वळलेले असेल, तर गाठ सरकली आहे, म्हणजे वेढे कमी पडले किंवा ती पुरती आवळली गेली नाही. टोक सरळ तुटलेले असेल, तर तंगूस जुना झालेला असतो किंवा गाठ कोरडी ओढलेली असते.