ग्रुप राईडला जाताय? आधी आपला पेस ठरवा

शनिवारी संध्याकाळी सायकलिंगच्या ग्रुपवर मेसेज येतो : 'उद्या पहाटे ५.३०, पुण्याहून खडकवासला, पुढे सिंहगड. पेस २२ ते २४.' म्हणजे ताशी २२ ते २४ किलोमीटरचा सरासरी वेग. आपला मागच्या राईडचा ॲव्हरेज २३ होता, म्हणून आपण अंगठा दाखवून मोकळे होतो. पण तो २३ कुठल्या रस्त्यावरचा, किती किलोमीटरचा आणि कुणाच्या मागे राहून काढलेला, याचा हिशेब आपण करत नाही. मेसेजमधल्या २२चा अर्थही आपण मनानेच लावतो. हे दोन्ही आकडे नीट समजून घेतले, तर पेस निवडायला फार वेळ लागत नाही.

१. आपला खरा आकडा काढा

एखाद्या सकाळी एकट्याने ४० किलोमीटर जा. रस्ता शक्यतो सपाट असावा आणि सायकल तीच घ्या, जी ग्रुपबरोबर नेणार आहात. जाड, खडबडीत टायरची एमटीबी (माउंटन बाईक) आणि रोड बाईक यांच्यात तेवढ्याच मेहनतीला ताशी तीन-चार किलोमीटरचा फरक सहज पडतो; मित्राची सायकल घेऊन काढलेला ॲव्हरेज तुमच्या कामाचा नाही. चालवताना एक पूर्ण वाक्य न धापता बोलता आलं पाहिजे. दोन-दोन शब्दांवर थांबावं लागत असेल तर तो वेग तुम्हाला तासन्‌तास झेपणारा नाही.

घरी आल्यावर ॲपमध्ये एकूण ॲव्हरेजऐवजी शेवटचे १५ किलोमीटर बघा. सुरुवातीला २४ आणि शेवटी २० असेल, तर तुमचा आकडा २०. ग्रुपमध्ये माणूस मागे पडतो तो बहुधा परतीच्या वाटेवर, पहिल्या तासात क्वचितच.

२. ग्रुपचा आकडा कसला आहे ते विचारा

बहुतेक ॲप थांबलेला वेळ वगळून ॲव्हरेज दाखवतात. ताशी २० ने ६० किलोमीटर म्हणजे तीन तास. त्यात पोहे-चहा, कुणाचं तरी पंक्चर आणि फोटो धरले की चार. दहा वाजता घरी पोहोचायचं असेल तर हा फरक आधीच ठाऊक हवा. लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या राईडमध्ये, मात्र घड्याळ थांबतच नाही. तिथे २०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटं मिळतात, नाश्ता-पंक्चर सगळं धरून. म्हणजे ताशी जेमतेम १५. ऐकायला सोपं वाटतं, पण थांबे लांबले की चालवतानाचा वेग किती वाढवावा लागतो ते करून बघा.

घाट असेल तर आकडा आणखी फसवतो. सिंहगडाच्या चढाचे ८ किलोमीटर ताशी ८ ने चढलात तर एक तास लागतो. उतरताना रविवारची गाड्यांची गर्दी सांभाळत २४ ने आलात तर २० मिनिटं. सोळा किलोमीटरला ८० मिनिटं झाली, म्हणजे ॲव्हरेज १२. उतारावर कितीही सुसाट आलात तरी चढाचा वेळ भरून निघत नाही. म्हणून 'पेस २२' हा फक्त सपाट रस्त्याचा आकडा आहे का, हे विचाराच. आणि चढ प्रत्येकाने आपापल्या गतीने चढून वर एकत्र जमायचं आहे का, तेही.

वाऱ्याचंही तसंच. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून असतो. लोणावळ्याकडे निघालात तर जाताना तोंडावर आणि येताना पाठीवर. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन, यवतकडे गेलात तर उलटं : जाताना २६ सहज निघतो, आपण जोरात आहोत असं वाटतं, आणि परतताना तोच वारा छातीवर बसतो. अशा दिवशी एक पायरी खालचा ग्रुप निवडा.

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा : मागे राहिलेल्यासाठी थांबता का, आणि सगळ्यात शेवटी कोण असतं? उत्तर गोलमोल आलं तर त्या ग्रुपचा वेग तुमच्या आकड्याहून बराच कमी असेल तरच जा.

३. ड्राफ्टिंगच्या भरवशावर राहू नका

ड्राफ्टिंग म्हणजे पुढच्याच्या मागे, वाऱ्याच्या आडोशाला राहून चालवणं. 'ग्रुपमध्ये दोन-तीनने वेग आपोआप वाढतो,' असं अनुभवी लोक सांगतात. खोटं नाही. ताशी तिशीच्या आसपास पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की मेहनत पाव भागाने, कधी त्याहूनही जास्त वाचते. पण १८-२० च्या वेगात हा फायदा बराच कमी होतो. शिवाय खड्डे, स्पीडब्रेकर आणि मध्येच वळणाऱ्या रिक्षा असलेल्या रस्त्यावर हातभर अंतर ठेवून चालवणं नवख्याचं काम नाही.

उलट रांगेच्या शेपटाला मेहनत वाढते. पुढचा स्पीडब्रेकर ओलांडून पुन्हा २४ वर येतो, तेव्हा शेवटचा अजून ब्रेक दाबत असतो. मध्ये फट पडते आणि ती भरायला त्याला २८-३० ने पेडल मारावं लागतं. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक वळणाला हेच. राईड संपल्यावर दोघांचा ॲव्हरेज सारखाच दिसतो, पण मागच्याचे पाय गेलेले असतात. नवीन माणूस संकोचाने मागे राहतो, आणि तीच जागा त्याला सगळ्यात महाग पडते. रांगेच्या मधोमध राहा.

४. निवड करा, आणि पहिल्या अर्ध्या तासात तपासा

सपाट रस्त्याच्या राईडसाठी ग्रुपने सांगितलेला वरचा आकडा तुमच्या आकड्याइतका किंवा त्याहून कमी हवा. तुमचा २० असेल तर १८ ते २० चा ग्रुप. '२० ते २२' मधला २० बघून जाऊ नका. गप्पा रंगल्या, दोघांत चुरस लागली की ग्रुप वरच्या आकड्याकडेच सरकतो.

निघाल्यावर अर्ध्या तासात बोलणं तुटायला लागलं तर तेव्हाच शेवटच्या माणसाला सांगा. 'मी इथून परत फिरतो' हे १० किलोमीटरवर सांगणं सोपं. ४० वर सांगितलं तर सगळ्यांची सकाळ जाते. परतीची वाट आणि जवळ थोडे पैसे, ट्यूब, पंप असू द्या.

वेग फारच कमी वाटला तर पुढे जाऊन ग्रुपला ओढू नका. पुढे राहून तेवढ्याच वेगात वारा अंगावर घ्या, नाहीतर चढ दुसऱ्यांदा चढून या.

एखाद्या ग्रुपबरोबर परतीच्या शेवटच्या टप्प्यातही गप्पा मारता येऊ लागल्या, दुसऱ्या दिवशी ऑफिसचे जिने चढताना पाय भरून येईनासे झाले, की वरच्या पेसला जाऊन बघायला हरकत नाही. पहिल्या वेळी मात्र अंतर कमी असलेली, बिनघाटाची राईड निवडा.