जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकताय? या चुका टाळा

विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. गावाकडे घरोघरी असलेले बरेच जुने डेस्कटॉप प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) यांच्या अटींमुळे विंडोज 11 ला चालत नाहीत. म्हणून ते भंगारात काढू नका. चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती त्यावर नीट चालते.

आपल्याकडे सर्वांत जास्त घात होतो तो लाईटीमुळे. यवतमाळ असो की गडचिरोली, आभाळ भरून आलं की लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर अशा वेळी इन्स्टॉलेशन किंवा मोठं अपडेट सुरूच करू नका. इन्व्हर्टर असला तरी लाईट जाताना कॉम्प्युटर बंद पडतो का, हे आधी तपासा. काही इन्व्हर्टर तेवढा क्षणभराचा झटका सांभाळू शकत नाहीत.

अपडेट अर्ध्यात तुटलं तर पुढच्या वेळी डीपीकेजी (प्रोग्राम बसवणारी यंत्रणा) अडकल्याचा संदेश येतो. घाबरून सगळं पुन्हा टाकायला बसू नका. काय करायचं ती आज्ञा त्या संदेशातच लिहिलेली असते. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून ती जशीच्या तशी टाका. पासवर्ड टाइप करताना मिंटमध्ये अक्षरांऐवजी फक्त ताराचिन्हं उमटतात, काही लिनक्समध्ये तर काहीच उमटत नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो. पूर्ण टाइप करा आणि एंटर दाबा.

कधी काळ्या पडद्यावर ‘इनिटरामएफएस’ असं येऊन कॉम्प्युटर तिथेच थांबतो. लाईट अचानक गेल्याने फाइल सिस्टीममध्ये गडबड झालेली असते. वरच्या ओळींत कोणतं पार्टिशन (डिस्कचा भाग) तपासायचं त्याचं नाव दिसतं. ‘एफएससीके’ आज्ञा त्या नावासह चालवली की बहुतेकदा गाडी रुळावर येते. हे वारंवार होत असेल तर हार्ड डिस्क थकली आहे असं समजा आणि लेकरांचे फोटो, सातबाऱ्याच्या पीडीएफ आजच दुसरीकडे उतरवून घ्या.

दुसरी चूक भरून न येणारी आहे. इन्स्टॉल करताना ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडला की विंडोजसकट डी ड्राइव्हसुद्धा जातो. सी पुसला जाईल आणि डी राहील, हा समज काढून टाका. त्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून वायफाय, आवाज, प्रिंटर पाहा. वायफाय दिसत नसेल तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे मोबाईलचं इंटरनेट कॉम्प्युटरला मिळेल, आणि वायफायच्या ड्रायव्हरसाठी ड्रायव्हर मॅनेजर उघडा.

लिनक्सची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल पेन ड्राइव्हवर नुसती कॉपी करूनही चालत नाही. रुफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रामने पेन ड्राइव्ह तयार करावा लागतो. रेंज येत-जात असेल तर डाउनलोड झालेल्या फाइलचा चेकसम (फाइल पूर्ण आणि बरोबर उतरली का हे ओळखायचा आकडा) वेबसाइटवरच्या आकड्याशी जुळवा, कारण खराब फाइल इन्स्टॉलेशनच्या मधेच दगा देते.

विंडोज सोबत ठेवलं असेल तर त्यातलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही सेव्ह होत नाही. घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे दिसलं तर तो सेल संपल्याचा प्रकार नाही. लिनक्स मदरबोर्डवर जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं.

आणि घरातून ऑनलाइन फॉर्म भरण्याचा धंदा असेल तर अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सही लिनक्सवर चालते का, हे पाहिल्याशिवाय विंडोज काढू नका.