मिठाच्या पाण्याचा स्विमिंग पूल हिरवा पडलाय? आधी हे करा

सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात फार्महाऊसवरचा पूल बघता बघता हिरवा होतो, आणि नवीन माणूस काय करतो तर अजून मीठ ओततो. नका ओतू! शेवाळ मिठाने नाही, क्लोरीनने मरतं, आणि पुलाला जोडलेलं मशीन मिठापासून ते इतकं हळू बनवतं की हिरवं झालेलं पाणी त्याला आवरत नाही. टेस्ट किटने पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) बघा, जास्त असेल तर ॲसिडने ७.२ ते ७.४ वर आणा, मग ऊन उतरल्यावर लिक्विड क्लोरीन टाका, उन्हात ते उडून जातं. ॲसिड आणि क्लोरीन कधीच एकत्र करायचं नाही हं, विषारी गॅस होतो. भिंती, पायऱ्या, खास करून शिडीच्या मागचा बुळबुळीत थर ब्रशने जोर लावून घासा. पंप दिवसरात्र चालू, फिल्टरचं प्रेशर वाढलं की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवा. हिरवं पाणी दुधाळ झालं म्हणजे शेवाळ मेलं, आता फिल्टरला वेळ द्या, आणि तळ स्वच्छ दिसून क्लोरीन खाली येईपर्यंत पोरांना पाण्यात सोडू नका.

नंतर दर आठवड्याला पीएच बघा, मिठाच्या पुलात तो वर चढतोच. बोअरचं पाणी जड असेल तर सेलच्या (मशीनमध्ये क्लोरीन बनतं तो भाग) प्लेटांवर पांढरा क्षार धरतो, तो मशीनच्या माहितीपुस्तकात दिलंय तसाच काढा, खरवडू नका.