कुरडयांची राखण आणि दुपट्याचा धावदोरा

उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण घातले की कोणीतरी त्याच्याजवळ बसावे लागते, कारण कावळे आणि कबुतरे वाटच पाहत असतात, आणि वळवाचा पाऊस तर सांगून येत नाही. या राखणीच्या वेळात आमच्या घरात पूर्वीपासून गोधड्या शिवल्या गेल्या. ज्यांना हाताने शिवण्याची हौस आहे आणि घरच्या कुरडयाही करून पाहायच्या आहेत, त्यांनी ही दोन्ही कामे एकाच आठवड्यात घ्यावीत, असे मी सुचवेन. गहू भिजायला तीन दिवस लागतात आणि कुरडया वाळायलाही साधारण तीन दिवस लागतात. या दोन्ही मुदतींत हात मोकळे असतात आणि एखादे लहान शिवणकाम त्यांत नेमके बसते.

लहान हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब गोधडीवर दोन-दोन सेंटिमीटरवर धावदोरा घालायचा म्हटले, तर एकूण शिवण सुमारे ११२ मीटर भरते. माझा वेग तासाला चार मीटरच्या आसपास आहे, म्हणजे नुसते टाके घालायलाच २८ तास हवेत. एक मीटर लांब-रुंद दुपट्याला मात्र ५० मीटर, म्हणजे साडेबारा तास पुरतात, आणि तीन दिवसांच्या राखणीत रोज चार-सव्वाचार तास बसले की ते पुरे होते. मोठी गोधडी हौसेने मांडून वर्षभर माळ्यावर ठेवण्यापेक्षा पहिल्या खेपेला दुपटेच घ्यावे. नात्यात कोठे ना कोठे बाळ येणार असतेच.

दिवसांची आखणी आधी करून घ्यावी. बुधवारी संध्याकाळी गहू भिजत घालावेत, शनिवारी संध्याकाळी वाटून चीक काढावा आणि रविवारी सकाळी तो शिजवून कुरडया घालाव्यात, कारण शिजवताना दुसरे माणूस हाताशी असले तर बरे पडते आणि रविवारी ते मिळते. सोमवार आणि मंगळवार राखणीचे. बुधवार ते शुक्रवार या मधल्या दिवसांत साडी धुणे, फाडणे आणि थर टाचणे ही कामे उरकावीत, म्हणजे गच्चीवर जाताना हातात फक्त सुई-दोरा राहील.

गहू एक किलो घ्यावेत, लोकवन चांगले. ते निवडून, दोन-तीन पाण्यांतून धुऊन, बुडून वर चार बोटे राहील इतक्या पाण्यात भिजवावेत. हे पाणी रोज बदलायचे असते, आणि एप्रिल-मे महिन्यांच्या उष्म्यात तर सकाळ-संध्याकाळ दोन वेळा बदलावे. किंचित आंबूस वास येणे स्वाभाविक आहे. कुजकट वास आला, तर पाणी बदलण्यात हयगय झाली असे समजावे आणि ते गहू वापरू नयेत. तिसऱ्या दिवशी एक दाणा चिमटीत दाबून पाहावा. साल सुटून आतून दुधासारखा पांढरा थेंब बाहेर आला म्हणजे गहू तयार झाले.

दुपट्यासाठी एक जुनी सुती साडी पुरते. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते. तिचे मीटर-मीटरचे चार थर निघतात आणि उरलेल्या दीड मीटरात कडेची पट्टी आणि एखादे ठिगळ भागते. साडी जितकी धुऊन-धुऊन विरत आलेली तितकी बरी, पण उजेडासमोर धरल्यावर जेथे जाळी दिसते तो भाग वगळावा. जरीचे काठ काढून टाकावेत, कारण जर बाळाच्या अंगाला टोचते. कृत्रिम धाग्याची साडी मऊ लागली तरी घेऊ नये. मी पहिल्या दुपट्यात अशी एक साडी आत घातली होती. ती थरांमधून सरकत राहिली, आणि दोन धुण्यांनंतर दुपट्याच्या एका कोपऱ्यात तिचा बोळा झाला, तो आजही तसाच आहे.

साडीला खळ असेल, तर ती पूर्ण जाईपर्यंत कोमट पाण्यात धुवावी. खळ राहिलेल्या कापडातून सुई अडखळत जाते. शिवाय खळ म्हणजे पिष्ठच, आणि ते कसरीला आवडते. कपाटात घडी करून ठेवलेल्या दुपट्याला भोके पडतात ती बहुधा अशामुळे. रंगाचीही परीक्षा घ्यावी. साडीचा ओला कोपरा पांढऱ्या रुमालावर दाबून पाहावा. रुमालाला रंग लागला, तर ती साडी बाळाच्या कामाची नाही.

वाळलेल्या साडीचे तुकडे करताना कडेला कात्रीने जेमतेम छेद द्यावा आणि पुढे हाताने फाडत जावे. सुती कापड आडव्या धाग्याने सरळ फाटते, कात्री मात्र हमखास वाकडी जाते. चारही तुकडे फरशीवर एकावर एक अंथरावेत, प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे सपाट करावा आणि कोपऱ्यांवर वजन ठेवावे; मी एका कोपऱ्यावर वरवंटा आणि बाकी तिन्हींवर डाळींचे डबे ठेवते. मग लांब कच्च्या टाक्यांनी थर टाचून घ्यावेत. टाचणी नेहमी मधून सुरू करून कडेकडे न्यावी आणि दोन ओळींत वीतभर अंतर ठेवावे. याचे कारण असे की पक्का धावदोरा आपण पुढे कडेने सुरू करून आत-आत नेणार आहोत, आणि त्या वेळी सैल राहिलेले कापड पुढे ढकलले जाऊन मध्यभागी फुगा धरते. टाचण नीट असेल तर कापडाला सरकायला जागाच राहत नाही. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळून शिवलेले दुपटे मी अजून सपाट पाहिलेले नाही.

शनिवारी संध्याकाळी गहू वाटावेत. मिक्सरमध्ये थोडे-थोडे गहू आणि बेताचे पाणी घालून भरड वाटले तरी चालते. फार बारीक वाटल्यास कोंडाही चिकात उतरतो आणि कुरडया मळकट दिसतात. वाटलेले मिश्रण मोठ्या पातेल्यात पाण्यात हातांनी चोळून पिळून घ्यावे. पांढरे पाणी आधी चाळणीतून आणि मग मलमलीच्या फडक्यातून गाळावे. चोथा पुन्हा पाणी घालून चोळावा, आणि पाणी जवळजवळ स्वच्छ येऊ लागेपर्यंत, म्हणजे साधारण तीन वेळा, असे करावे. हाताला जे रबरासारखे चिवट लागते ते ग्लूटेन; ते आणि कोंडा चोथ्यात राहतात आणि पाण्याबरोबर निघून जाते ते पिष्ठ. चोथा टाकून देऊ नये. त्यात तिखट, मीठ, जिरे आणि तीळ घालून भुसवड्या घालता येतात, आणि त्याही याच उन्हात वाळतात.

गाळलेले पाणी झाकून रात्रभर न हलवता ठेवावे. सकाळी चीक तळाशी घट्ट बसलेला असतो आणि वर पिवळसर, आंबट वासाची निवळ आलेली असते. पातेले हळूहळू कलते करून ती निवळ काढून टाकावी. शेवटचे वाटीभर पाणी गढूळ निघू लागले की थांबावे, नाही तर चीकही वाहून जातो. मग चीक ढवळून सारखा करावा आणि एखाद्या भांड्याने मोजावा.

जितकी भांडी चीक, तितकीच भांडी पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळत ठेवावे. त्यात हिंग आणि मीठ घालावे. मीठ नेहमीच्या अंदाजापेक्षा कमीच घालावे, कारण वाळल्यावर पाणी उडून जाते आणि मीठ तेवढेच राहते. पाण्याला उकळी आली की आच मंद करावी. एकाने चिकाची बारीक धार सोडावी आणि दुसऱ्याने लाकडी चाटूने एकसारखे घाटत राहावे. एकट्याने करायचे असेल तर चीक, थंड पाणी, मीठ आणि हिंग आधीच एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे आणि पहिल्यापासून हात न थांबवता ढवळावे. यात वेळ थोडा जास्त जातो, पण गुठळ्या होत नाहीत.

पातेल्याकडे खरे लक्ष द्यायचे ते या वेळी. सुरुवातीला चीक दुधासारखा असतो. मग तळाकडून दाटपणा येऊ लागतो, चाटू जड होतो आणि ज्या रेषेत तो फिरतो तेथे तळ क्षणभर दिसू लागतो. त्यानंतर पांढरेपणा कमी होत जातो. आधी कडेने आणि मग सगळीकडे चिकाला काचेसारखी झाक येते आणि तो पातेल्याच्या बाजू सोडून चाटूभोवती गोळा होतो. येथे घाई झाली की कुरडई कच्ची राहते आणि तळताना फुलत नाही. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटे वाफ आणावी, एकदा ढवळावे आणि पुन्हा वाफ आणावी. ओले बोट चिकाला लावून पाहिल्यावर त्याला काही चिकटले नाही, म्हणजे चीक शिजला. याच टप्प्यावर वाटीभर चीक बाजूला काढून त्यावर तूप आणि गूळ घालून खाण्याची रीत आहे. ती पाळावी.

सोऱ्याला आतून तेल लावून, शेवेची चकती घालून तो गरम चिकाने भरावा. उरलेला चीक पातेल्यात झाकून गरम पाण्याच्या परातीत ठेवावा, कारण थंड चीक सोऱ्यातून दाबताना मनगटे भरून येतात. स्वच्छ प्लास्टिकच्या कागदावर तळहाताएवढ्या कुरडया घालाव्यात आणि शेवेचे वेढे एकावर एक दोनपेक्षा जास्त येऊ देऊ नयेत. पूर्वी वाळवण जुन्या धोतरावर घालत, आणि मग चिकटलेले काढायला मागच्या बाजूने पाण्याचा हात फिरवावा लागे. पातेल्याला लागलेला चीक वाया जात नाही: त्यात भरपूर पाणी घालून उकळले की सुती साड्यांना पातळ खळ होते. अर्थात दुपट्याच्या कापडापासून ती लांबच ठेवावी.

साडेआठ-नऊपर्यंत कुरडया उन्हात गेल्या की सावलीची जागा पाहून शिवायला बसावे. हात आधी साबणाने स्वच्छ धुवावेत, कारण चिकाचा आणि तेलाचा अंश दोऱ्याला लागला की टाके काळपट दिसतात. दोरा जाड सुती असावा आणि एका वेळी हातभरच घ्यावा. लांब दोऱ्याने वेळ वाचतो असे वाटते, पण तो गुंततो आणि उसवण्यात तो वेळ परत जातो. सुरुवातीची गाठ थरांच्या आत लपवावी, म्हणजे ती बाळाला टोचणार नाही. कडा आत दुमडून, पट्टी लावून कोपऱ्यापासून धावदोरा सुरू करावा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा, आणि सुईच्या टोकावर तीन-चार टाके एकदम घेऊन मग दोरा ओढावा. चार थरांतून सुई ढकलताना मधले बोट दुखते, म्हणून अंगुस्तान वापरावे. ते नसल्यास बोटाला चिकटपट्टीचे दोन वेढे घ्यावेत. कोपऱ्यावर आले की तिरके न जाता काटकोनात वळावे, चारही बाजू फिरून झाल्या की दोन सेंटिमीटर आत सरकावे, आणि असे चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत पोहोचावे. टाके थोडे कमी-जास्त झाले तरी बिघडत नाही. दोरा फार ताणला गेला तर मात्र कापड चुणते, म्हणून दर दोन वितींनी शिवण तळहाताने सपाट करून पाहावी. टाचणाचे दोरे शेवटी काढावेत.

दुपारी दोनच्या सुमारास कुरडया कागदावरून आपोआप सुटू लागतात, तेव्हा त्या उलटाव्यात. संध्याकाळी घरात आणून जाळीखाली ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर घालाव्यात. कोकणात आणि मुंबईत हवा दमट असल्यामुळे तीनचे चार दिवस लागू शकतात. देशावरच्या कोरड्या उन्हात कधीकधी दोनही पुरतात. कुरडई मोडल्यावर कट् असा आवाज आला पाहिजे. तरीही डबा भरण्यापूर्वी मंगळवारी संध्याकाळी एक कुरडई कडकडीत तेलात तळून पाहावी. ती क्षणात पांढरी फुलून कढईभर पसरली, तर बाकीच्या थंड करून घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भराव्यात. मधला वेढा कडक राहिला तर आणखी एक दिवस ऊन द्यावे, आणि दुपट्याचे मधले चौकोन त्या दिवशी पुरे करावेत.