रापणीच्या घरातून शिनाण्यांच्या शेतीकडे : नवख्यांसाठी काही अनुभव

मालवण किनाऱ्यावरील ज्या घरांचा संसार पिढ्यानपिढ्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीवर चालला, तशाच एका घरात मी वाढलो. मासळीच्या थव्याला वेढून पकडणारी यांत्रिक होड्यांची पर्ससीन जाळी आणि मासळीला उजेडाने ओढून घेणारी एलईडी दिव्यांची मासेमारी यांमुळे किनाऱ्यालगतची मासळी कशी कमी होत गेली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पर्ससीनवर राज्य शासनाने २०१६ मध्ये निर्बंध घातले आणि एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली, तरी रापणीतून घरी येणारा वाटा पूर्वीसारखा झाला नाही.

खाडीतील मत्स्यशेतीकडे वळणाऱ्या तरुणांनी पहिल्याच वर्षी जाळीच्या पिंजऱ्यात जिताडा मासा वाढवण्याच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिताड्याचे बीज विकत आणावे लागते, त्याला रोज खाद्य घालावे लागते आणि मासळी विकण्यापूर्वीच बरेच भांडवल पाण्यात अडकते. याउलट शिनाणे, म्हणजे खडकांना धरून वाढणारे खाण्याचे शिंपले, पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून खातात, त्यामुळे खाद्याचा खर्च उरतच नाही, आणि पावसाळा सरल्यावर किनाऱ्याच्या खडकांवर त्यांचे बीज आपोआप धरते. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात महिलांच्या बचतगटांनी ही शेती मोठ्या प्रमाणावर करून दाखवली आहे.

सर्वांत आधी पाणी ओळखावे. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे होते आणि शिनाण्यांना ते सोसत नाही. म्हणून क्षारता पुन्हा वाढल्यावर, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, बीज लावायचे आणि पाच-सहा महिन्यांत पीक काढायचे. जागा ठरवण्यापूर्वी भरती आणि ओहोटी या दोन्ही वेळी क्षारता मोजून वहीत नोंदवावी. बीज बांधलेल्या दोऱ्या बांबूच्या तराफ्याखाली पाण्यात टांगायच्या असतात; म्हणून ओहोटीलाही दोरीचे टोक तळाच्या चिखलाला लागणार नाही इतकी खोली हवी आणि जवळपास गावाचे सांडपाणी येऊन मिळत नसावे, कारण गाळून खाणारा हा जीव पाण्यातील घाणही अंगात साठवतो.

बीज बांधण्याचे काम हाताचे आहे आणि त्यात घरातील बायकांचे कसब फार उपयोगी पडते. दोन-अडीच सेंटिमीटरपर्यंतचे बीज धुऊन नायलॉनच्या जाड दोरीभोवती सारखे पसरायचे आणि त्यावरून सुती जाळीचे कापड गुंडाळून शिवायचे. दोन-तीन दिवसांत शिनाणे आपल्या तंतूंनी दोरीला घट्ट धरतात आणि कापड पाण्यातच कुजून गळून जाते. एका जागी बीज दाट झाले, तर पुढे वजनाने घोसच्या घोस निसटतात. म्हणून दोरीला ठरावीक अंतरावर गाठी माराव्यात.

बांबूचा तराफा टाकण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावीच, पण त्याआधी त्या पाण्यात होड्या नेणाऱ्यांशी बोलून त्यांची वाट मोकळी ठेवावी. गावाची संमती नसेल, तर कागद असूनही दोऱ्या सुरक्षित राहत नाहीत. रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात या विषयातील जाणकार भेटतात. २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थ्यांना ६० टक्के अनुदानाची तरतूद केलेली आहे. मात्र होडी आणि जाळी विकून यात उतरू नये, कारण हे उत्पन्न वर्षातून एकदाच हाती येते.

गिऱ्हाईक बीज लावतानाच शोधावे. पर्यटकांच्या हंगामात खानावळींना शिनाणे हवे असतात; म्हणून एप्रिलपासून थोड्या थोड्या दोऱ्या उचलाव्यात, माल स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून मगच द्यावा आणि शेवटची दोरी पहिल्या मोठ्या पावसाआधी बाहेर काढावी.