खोकं नव्हे, एएमसी बघा

संगणक आणि सर्व्हर बनवणाऱ्या डेल कंपनीचा तिमाही निकाल अमेरिकेतला बाजार बंद झाल्यावर लागतो. तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते. जागू नका. मी सकाळच्या लोकलमध्ये डोंबिवलीला खिडकी मिळाली की त्या निकालाचे आकडे उतरवायला वहीची दोन पानं काढतो.

ऐरोलीच्या डेटा सेंटरांत वीस वर्षं सर्व्हरचे रॅक लावले, त्यातून एक गोष्ट डोक्यात बसली : सर्व्हर विकून चहापाण्यापुरतं सुटतं, घर चालतं ते एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावर. एका डीलरने, नाव नको, खोकं, म्हणजे नुसतं सर्व्हरचं यंत्र, जवळपास खरेदीभावात दिलं आणि तीन वर्षांच्या देखभालीत सगळं वसूल केलं. म्हणून ‘सर्व्हरची विक्री वाढली’ एवढ्यावर मी हुरळत नाही.

आधी वर्ष नीट बघा. डेलचं आर्थिक वर्ष 2025 संपलं 31 जानेवारी 2025 ला. इथे घोळ झाला की पुढचं सगळं चुकतं. त्या वर्षी एकूण विक्री 95.6 अब्ज डॉलर. त्यात लॅपटॉप-डेस्कटॉपचा विभाग 48.4 अब्ज, जवळपास जागच्या जागी. सर्व्हर-स्टोरेजचा विभाग 43.6 अब्ज, 29 टक्के वाढ. आता या आकड्यांशेजारी दोन्ही विभागांचा कामकाजी नफा लिहा : लॅपटॉपवाल्यांचा साधारण 3 अब्ज, सर्व्हरवाल्यांचा साडेपाचच्या वर. विक्री कमी असून नफा जास्त. गुंतवणूकदार सर्व्हरच्या बाजूला का झुकतात, ते इथे कळतं.

पण सर्व्हर-स्टोरेज एकत्र वाचू नका, तोडून वाचा. सर्व्हर आणि नेटवर्किंग धावलं, स्टोरेज जेमतेम हललं. आणि धावलेल्यात मोठा वाटा एआय सर्व्हरचा, ज्यात किमतीचा मोठा हिस्सा एन्व्हिडियाच्या चिपला जातो. विक्री फुगते, नफ्याचा टक्का आकसतो. त्याच वर्षी डेलचं ग्रॉस मार्जिन, म्हणजे विक्रीतून मालाचा थेट खर्च वजा जाता उरणारा टक्का, आधीच्या वर्षापेक्षा खाली, सुमारे 22 टक्क्यांवर आलं.

‘सर्व्हिसेस’ हा शब्द फसवा आहे. डेलने 2009 मध्ये पेरो सिस्टिम्स ही कंपनी 3.9 अब्जांना घेतली. ती आयटी सेवा, म्हणजे दुसऱ्याचं काम माणसं लावून करून देणं. 2016 मध्ये तो व्यवसाय एनटीटी डेटा या जपानी कंपनीला विकायला काढला, घेतल्यापेक्षा कमी भावात. आज डेलच्या अहवालात सेवा म्हणून जो आकडा येतो, त्यात मोठा भाग विकलेल्या यंत्रांच्या सपोर्टचा. म्हणजे आपली एएमसीच.

तिचे पैसे कंपनीला बहुतेकदा आधीच मिळतात, पण विक्रीत ते महिन्यामहिन्याने धरले जातात. तोवर ते ताळेबंदात ‘डिफर्ड रेव्हेन्यू’ म्हणून देण्याच्या बाजूला दिसतात. नवखा त्याला कर्ज समजून घाबरतो. उलट, सर्व्हरची विक्री उड्या मारत असताना हा आकडा वाढत नसेल, तर मी वहीत लाल खूण करतो : खोकी गेली, करार सोबत गेले नाहीत.

एवढं उतरवून होईपर्यंत दादर येतं. शेअरचा भाव मी त्यानंतर बघतो.