पालिकेच्या स्टोअरमध्ये रुजू होताना

पालिकेत एलडीसी, म्हणजे कनिष्ठ लिपिक, म्हणून लागले आणि सेक्शन मिळाला स्टोअर. सोबतच्या मुलीला जन्म-मृत्यू नोंदणी मिळाली, तिचा हेवा वाटला. माझ्या वाट्याला फिनेलचे कॅन, ब्लीचिंग पावडरची पोती, झाडू, हातगाड्या आणि मोडक्या खुर्च्यांची एक खोली.

गोव्यात पणजीची महानगरपालिका सोडली तर 13 नगरपालिका आहेत. त्यांपैकी कुठेही स्टोअर मिळालं, तर पहिलं सांगणं एकच: चार्ज लिस्टवर, म्हणजे ताब्यात येणाऱ्या मालाच्या यादीवर, मोजल्याशिवाय सही करू नका. आधीच्या बाबूने हसत कागद पुढे केला आणि मी सही केली. पुढे ऑडिटला डेड स्टॉकमधले (टिकाऊ वस्तूंच्या नोंदीतले) दोन पंखे सापडेनात. सही माझी, म्हणून खुलासाही माझाच. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांतही म्हटलंय, पडताळणी होताना माल ज्याच्या ताब्यात आहे तो हजर हवा. तुमच्या पालिकेला कुठले नियम लागू आहेत ते लेखा विभागात विचारा, पण ही सवय कुठेही उपयोगी पडते.

इंडेंट, म्हणजे मालाचं मागणीपत्र, लिहायला मी गमबुटांवरून शिकले. पावसाळ्यासाठी लिहिलं होतं, ‘गमबूट, 60 जोड’. नियमाप्रमाणे कोटेशन, नोटिंग, मंजुरी, ऑर्डर, सगळं झालं. माल आला तो सगळा नऊ नंबरचा. झाडणाऱ्या बायकांना लागतात पाच-सहा. एकीने बूट हातात धरून विचारलं, ‘बाये, आमचे पांय कोणें मेजले?’ उत्तर नव्हतं. पुरवठादाराचीही चूक म्हणता येईना, ऑर्डरमध्ये माप लिहिलंच नव्हतं. बदलून मिळेपर्यंत अर्धा जून त्या बायका चपला घालून गटारात उतरल्या. आता मी मार्चमध्ये वही घेऊन मार्केटच्या शेडमध्ये जाते आणि नावापुढे नंबर लिहून घेते. जेमवरून (सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून) घ्या की टेंडर काढा, स्पेसिफिकेशन तुम्हीच लिहायचं असतं. आणि हो, मोठी मंजुरी टाळायला एका खरेदीचे चार तुकडे करा असं कोणी सुचवलं, तर ते लेखी मागा. बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

फर्निचर, स्टेशनरी यांत फारसं शिकण्यासारखं नाही. वाहनांत मात्र आहे. लॉगबुकात किलोमीटर, डिझेलचे लिटर आणि फेरी कुठली ते हवं. जेसीबीचं गणित किलोमीटरवर नाही, तासांवर चालतं. हे मला ड्रायव्हरनेच सांगितलं, तेही मी आठवडाभर चुकीचा रकाना भरल्यावर. टिप्पर साळगावच्या कचरा प्रकल्पावर जात असेल तर तिथल्या वजनाच्या पावत्या लॉगबुकाशी ताडून बघा. कोणावर संशय घ्यायचा म्हणून नव्हे. पावती हरवली की बिल अडकतं आणि बोलणी ड्रायव्हरला बसतात.

आणखी एक. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी नूतनीकृत होत नाही, यात पालिकांच्या गाड्याही आल्या. आरसी बुकं काढून तारखांची यादी लावा. दोन टिप्पर एकाच वर्षी बाद होणार असतील तर प्रस्ताव आधीच्या बजेटात जायला हवा, नाहीतर चतुर्थीच्या तोंडावर भाड्याची गाडी शोधत फिरावं लागतं. मी फिरलेय.